नोकरी, घर आणि ऑनलाइन पदवी: अभ्यासाचं नियोजन करताना या चुका टाळा

बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळ्या करणारे, मिहानमध्ये दिवसभर स्क्रीनपुढे बसणारे, मुलांचे डबे आणि सासूबाईंची औषधं सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या बायका. नागपुरात मुक्त किंवा ऑनलाइन विद्यापीठातून शिकणारे बहुतेक जण असेच आहेत. कोणी इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात), कोणी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात, कोणी पूर्ण ऑनलाइन एमबीएला. यातले जे मागे पडतात ते हुशारीत कमी असतात असं मला कधीच वाटलं नाही. कॉलेजात वेळापत्रक कॉलेज लावून देतं. इथे ते तुम्हीच लावायचं असतं, आणि ते लावताना ठरावीक चुका पुन्हा पुन्हा होतात.

चूक: "वेळ मिळेल तसा करू"

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

इग्नूत १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वाचन, व्हिडिओ, असाइनमेंट सगळं त्यातच आलं. ६४ क्रेडिटचा एमए दोन वर्षांत करायचा तर वर्षाला ३२ क्रेडिट, म्हणजे ९६० तास. वर्षाचे ५२ आठवडे खरे, पण पुस्तकं हाती येईपर्यंतचे दिवस, महालक्ष्म्या, दिवाळी, घरातलं एखादं लग्न आणि एखादं आजारपण वजा केलं की हातात साधारण ४४ आठवडे उरतात. म्हणजे आठवड्याला जवळपास २२ तास. प्रवेश घेताना हा आकडा फार थोडे जण काढून बघतात.

आता फिरत्या पाळीत काम करणाऱ्याचा हिशेब मांडून बघा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पहाटे पाचला कंपनीची बस, दुपारी साडेतीनला घरी, थोडी झोप. संध्याकाळी सहा ते साडेआठ अभ्यास धरला तर सहा दिवसांचे १५ तास आणि रविवारचे ४, एकूण १९. सेकंड शिफ्टला सकाळ मोकळी असते: रोज ३ तास, रविवारी ४, एकूण २२. नाइटच्या आठवड्यात मात्र रोज एक तास झाला तरी खूप, रविवार धरून १०. तीन आठवड्यांचे मिळून ५१ तास, सरासरी १७. लागतात २२ आणि आहेत १७!

या माणसाने जिद्द वाढवली तरी ते पाच तास येणार नाहीत, झोपेतून काढले तर नाइटला मशीनपुढे धोका आहे. ४४ आठवड्यांत त्याच्याकडे सुमारे ७५० तास आहेत, म्हणजे २५ क्रेडिटच्या आसपास. त्याने जूनच्या परीक्षेत २४ क्रेडिटचे पेपर द्यावेत आणि एक ८ क्रेडिटचा पेपर पहिल्या दिवसापासूनच डिसेंबरच्या परीक्षेसाठी बाजूला काढावा. इग्नूच्या एमएला किमान मुदत २ वर्षं आणि कमाल ४ आहे. ही सवलत अशाच माणसांसाठी आहे, ती वापरण्यात कमीपणा कसला? ३० तासांचा हिशेब सगळ्यांना तंतोतंत लागू होत नाही, विषय आधीपासून येत असेल तर कमी वेळ पुरतो. पण सुरुवात याच आकड्याने करा, आणि पुस्तकातल्या पहिल्या दोन युनिटला (धड्यांना) खरा किती वेळ लागला ते लिहून ठेवून मग बदला.

अंदाज मनाने बांधला तर तो कमीच निघतो, हे लक्षात असू द्या. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात ५५ दिवसांच्या वर लागले. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा एक असाइनमेंट "दोन संध्याकाळी उरकेल" असं वाटलं तर कॅलेंडरवर तीन लिहा, सव्वातीन लागल्या तरी मोठं बिघडणार नाही.

चूक: एकदा फी भरली की झालं असं समजणं

असाइनमेंट, परीक्षेचा फॉर्म आणि पुढच्या वर्षाचं रि-रजिस्ट्रेशन ही तीन वेगळी कामं आहेत. तिघांच्या तारखा वेगळ्या. प्रवेश घेतला म्हणून परीक्षेला आपोआप नाव लागत नाही, आणि परीक्षा दिली म्हणून दुसऱ्या वर्षाला आपोआप चढत नाही. अभ्यास पूर्ण असताना फॉर्म राहिला म्हणून सहा महिने बसावं लागलेली मुलं बघितली की जीव हळहळतो.

असाइनमेंटमध्येही एक खास घोटाळा होतो. प्रश्नपत्रिका सत्रानुसार बदलते. मैत्रिणीने मागच्या वर्षीची पीडीएफ पाठवली, त्यावरून पानंच्या पानं हाताने लिहून काढली आणि अभ्यास केंद्रावर गेल्यावर कळलं की ते सत्र संपलं. लिहायला बसण्याआधी प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावरचं सत्र आणि स्वतःचं प्रवेशाचं सत्र बोट ठेवून ताडून घ्या. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन असतं, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. एका बाजूचे जास्तीचे गुण दुसऱ्या बाजूला वाचवत नाहीत.

आपल्याकडच्या सणांशी या तारखा कशा भिडतात तेही बघा. डिसेंबरच्या परीक्षेच्या असाइनमेंट साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात मागितल्या जातात, नेमकी तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच बघावी. त्याच सुमारास पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या आणि मग दसरा-दिवाळी. ज्या घरात महालक्ष्म्या बसतात तिथल्या सुनेला तो आठवडा अभ्यासाचा मिळणार नाही, हे आधीच ठाऊक असतं. मग पोळ्याच्या आत असाइनमेंट लिहून व्हायला हव्यात. मुदतवाढ बऱ्याचदा मिळते, पण मिळेलच या भरवशावर नियोजन करू नका.

चूक: व्हिडिओ बघितला म्हणजे अभ्यास झाला

लेक्चर छान असतं, सगळं समजतं, माना डोलतात. परीक्षेत मात्र तीन तास कोऱ्या कागदावर स्वतः लिहायचं असतं. समजणं आणि आठवून लिहिता येणं यांत फार अंतर आहे.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो बंद करून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के उरलं होतं आणि लिहून काढणाऱ्यांच्या ५६. वाचून झाल्याबरोबर "येतंय" असं जे वाटतं ते म्हणूनच फसवं असतं.

समजा, अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता हे युनिट झालं. पुस्तक मिटा, व्हिडिओ बंद करा, कागद घ्या. व्याख्या लिहा, सूत्र लिहा, आणि उदाहरण पुस्तकातलं न घेता स्वतःचं घ्या: कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा भाव दुप्पट झाला तर घरी किती कमी येतील, आणि मिठाचा झाला तर? जिथे पेन अडेल तिथे खूण करा आणि मगच पुस्तक उघडून तेवढाच भाग वाचा. हेच दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. रंगीत पेनाने ओळी रंगवण्यापेक्षा हे कष्टाचं आहे, पण उपयोग याचाच होतो.

साहित्याची अडचण सांगू नका. इग्नूची पुस्तकं तिच्याच ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर मिळतात. महिन्यातून एकदा एक जुना पेपर घड्याळ लावून पूर्ण लिहा. दहा वर्षं टायपिंगच करणाऱ्यांचा हात दीड तासात दुखायला लागतो, ते घरी कळलेलं बरं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या रेडीमेड असाइनमेंटपासून मात्र दूर राहा. नक्कल पकडली गेली तर नाकारली जाते, आणि नाही पकडली तरी लिहिण्याचा सराव गेला तो गेलाच.

चूक: उन्हाळा आणि जागा हिशेबात न धरणं

जूनच्या परीक्षेची खरी तयारी एप्रिल-मेमध्ये होते, आणि त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. दुपारी कूलरच्या आवाजात, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत लेक्चर ऐकायचं ठरवलं तर ठरलेल्यातलं अर्धंही होत नाही. त्या दोन महिन्यांत अवघड विषय पहाटे पाच ते आठ, आणि दुपारी फक्त हलकं काम: तारखा बघणं, वही नीट लावणं. घरात जागाच नसेल तर वस्तीतल्या अभ्यासिकेत महिन्याचं सीट घ्या. संध्याकाळच्या वादळात लाइट गेली की वायफायही जातं, म्हणून आठवड्याचे व्हिडिओ रविवारीच डाउनलोड करून ठेवा. घरून कॅमेऱ्यापुढे परीक्षा असेल तर मोबाइल हॉटस्पॉटवर सराव चाचणी एकदा तरी देऊन बघा.

स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवरचा कोर्स सोबत घेतला असेल तर एवढंच: एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात. एक-दोन चुकल्या म्हणून कोर्स सोडू नका. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात.

आधीच मागे पडला असाल तर

परीक्षा पाच आठवड्यांवर आली आहे, चार पेपर आहेत आणि एकही धड झालेला नाही. इथे लोक चारही पेपर थोडे थोडे वाचतात आणि चारही घालवतात. तसं करू नका. पाच आठवड्यांत खरोखर किती तास आहेत ते आधी मोजा. मग ज्या पेपरची असाइनमेंट जमा झाली आहे आणि ज्याचं निम्मं तरी वाचून झालं आहे, असे दोन निवडा. उरलेले दोन पुढच्या सत्राला ढकला आणि ते कॅलेंडरवर आजच लिहा. निवडलेल्या दोन पेपरांच्या गेल्या पाच-सहा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि ज्या युनिटवर वारंवार प्रश्न येतात तिथून सुरुवात करा.

घरच्यांनाही हे स्पष्ट सांगा. "आई, या पाच आठवड्यांत संध्याकाळी सात ते नऊ मला हाक मारू नकोस" एवढं सांगितलं की बहुतेक घरं ऐकतात. न सांगता चिडचिड केली तर कोणालाच कळत नाही.

हॉल तिकीट आलं की केंद्र आणि वेळ दोन्ही नीट वाचा. इग्नूचे पेपर सकाळी १० ते १ आणि दुपारी २ ते ५ अशा दोन सत्रांत असतात, आणि एकाच दिवशी दोन पेपर येऊ शकतात. डिसेंबरची परीक्षा आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बऱ्याचदा एकाच वेळी येतात. मोर्चांमुळे बर्डी आणि सिव्हिल लाइन्सच्या आसपासचे रस्ते वळवलेले असतात. केंद्र त्या बाजूला असेल तर गाडी घरी ठेवून मेट्रोने जा, आणि तासभर आधी निघा.