गाडीचा विमा भरण्याआधीची तयारी

मुदत संपायच्या पंधरा दिवस आधीच कागद काढून बसा. आरसी, जुनी पॉलिसी, वर्षभरात क्लेम घेतला असेल तर त्याची नोंद. सीएनजी किट मागाहून बसवलं असेल, तर ते आरसीवर चढलंय का आणि पॉलिसीत आलंय का, हे सगळ्यात आधी बघा.

मग दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, पण सगळीकडे एकच आयडीव्ही धरून. लोक फसतात ते इथेच. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर हाती येणारी रक्कम म्हणजे आयडीव्ही. ती पन्नास हजारांनी उतरवली की हप्ताही उतरतो आणि एजंट म्हणतो, 'बघा साहेब, किती स्वस्त!' थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा, हप्ता सगळीकडे सारखाच असतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दराने हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीला तो ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी. घासाघीस करायची ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या, आकड्यावर.

नाशिकमध्ये राहायचं तर पाण्याचा हिशेब धरावाच लागतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, हे आपण एकमेकांना विचारतो, आणि तोवर गोदाकाठी उभ्या केलेल्या गाड्यांत पाणी शिरलेलं असतं. पुरात बुडालेल्या गाडीची भरपाई साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या, पॉलिसीतही मिळते. पण पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिनाने पाणी ओढलं, तर तो खर्च त्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. पंचवटीत नदीजवळ किंवा कुठेही तळघरात गाडी लावत असाल, तर बाकीचं काहीही कमी करा, हे सोडू नका. त्याच्या अटी मात्र वाचून घ्या. आणि घेतलं तरी पाण्यातल्या गाडीला चावी लावायची नाही, ती टोइंग करूनच न्यायची.

झिरो डेप, म्हणजे भागांची झीज न कापता भरपाई देणारं जादा संरक्षण, गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर घ्यावं. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते, आणि आजकालचा बंपर प्लास्टिकचाच असतो. पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण दुसऱ्या एखाद्या पॉलिसीत आधीच असेल, तर पुन्हा भरायची गरज नाही.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी पुढच्या वर्षी किती सवलत बुडेल, ते कागदावर मांडा. मुदत संपून नव्वद दिवस उलटले तर साठवलेला बोनसही जातो.

पैसे भरल्यावर पॉलिसी उघडून नाव, चेसिस नंबर आणि बोनसचा टक्का ताडून बघा. क्लेम घेतलेला असताना एजंटाने बोनस लावून दिला असेल, तर तो लगेच कळवून दुरुस्त करून घ्या, फरकाची रक्कम भरा आणि सुधारित प्रत फोनमध्ये ठेवा.