ओढ्यात उतरणाऱ्या गाडीचा स्टार्टर: निवड आणि निगा

डांबरी रस्त्यावर स्टार्टरने दगा दिला तर दोन माणसे गाडी ढकलतात, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन सुरू होते आणि दुरुस्तीचे काम उद्यावर टाकता येते. ओढ्याच्या पात्रात चारही चाके रुतलेल्या फोर बाय फोर गाडीला हा उपाय नसतो, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी तर सपाट रस्त्यावरही ढकलून सुरू होत नाही. म्हणून पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर किंवा कोकणातल्या लाल मातीत गाडी घालणाऱ्याने टायर आणि रुतलेली गाडी तारेने ओढून काढणाऱ्या विजेच्या विंचइतकेच लक्ष स्टार्टरकडे, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सगळे ‘सेल्फ’ म्हणतात त्याच्याकडे, द्यायला हवे असे माझे ठाम मत आहे. तसे लक्ष दिले जात नाही, कारण तो सहसा दिसत नाही. इंजिनाच्या खालच्या अंगाला, क्लच हाउसिंगजवळ तो बोल्टने आवळलेला असतो आणि या जागेमुळेच पाणी, चिखल आणि एक्झॉस्टची उष्णता त्याच्या वाट्याला येते.

निवड करण्यापूर्वी त्याचे काम कसे चालते ते थोडक्यात समजून घ्यावे. चावी फिरवली की आधी सोलेनॉइडला, म्हणजे स्टार्टरवरच्या विजेच्या चुंबकी स्विचला, वीज मिळते. तो एकाच हालचालीत दोन कामे करतो: बेंडिक्सची (एकेरी क्लचसह दांड्यावर सरकणाऱ्या भागाची) छोटी दातेरी पिनियन पुढे सरकवून फ्लायव्हील या इंजिनाच्या जड चाकाच्या कडेवरील दातेरी रिंग गिअरमध्ये अडकवतो आणि आतले तांब्याचे जाड संपर्क जोडून बॅटरीचा मुख्य प्रवाह मोटरला देतो. दोन ते अडीच लिटरच्या डिझेल इंजिनासाठी हा प्रवाह साधारण 200 ते 400 अँपिअर असतो आणि पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त जातो. विंच सोडला तर गाडीतले दुसरे कोणतेही उपकरण इतकी वीज ओढत नाही, त्यामुळे वायरच्या टोकाशी बसलेला थोडासा गंजही येथे महागात पडतो.

स्टार्टर निवडताना

जुन्या जीपच्या अनेक स्टार्टरमध्ये आर्मेचरच्याच, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्याच, दांड्यावर पिनियन बसवलेली असते. ही मोटर जड आणि लांबट असते, पण आतून अगदी साधी. नंतरच्या गाड्यांत आर्मेचर आणि पिनियन यांच्यामध्ये गिअर असतात, त्यामुळे लहान मोटर वेगाने फिरून जास्त पीळ देते आणि बॅटरी थोडी उतरलेली असतानाही इंजिन बऱ्यापैकी फिरवते. ऑफरोडसाठी मी गिअरचा स्टार्टर पसंत करतो. त्याचे एक कारण वजन आहे, पण त्याहून मोठे कारण असे की विंच वापरल्यानंतर बॅटरी थकलेली असते आणि नेमके तेव्हाच इंजिन पुन्हा सुरू करण्याची वेळ येते.

दुसरा फरक चुंबकाचा आहे. काही स्टार्टरमध्ये फील्ड कॉइल, म्हणजे वीज मिळाल्यावर चुंबक होणारे तारेचे वेटोळे, असते, तर काहींत आतल्या भिंतीला कायमचे चुंबक बसवलेले असतात. सेल्फ अडकला की व्हील पान्याने त्यावर टकटक करण्याची जुनी युक्ती फील्ड कॉइलच्या स्टार्टरवर अनेकदा चालते, कारण त्या धक्क्याने फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचवणारा, पण अडकून बसलेला कार्बन ब्रश मोकळा होतो. कायम चुंबकाच्या स्टार्टरवर तोच ठोका चुंबकाला तडा पाडू शकतो आणि त्याचा तुकडा आर्मेचरमध्ये अडकला की मोटर संपते. आपल्या गाडीत यांपैकी कोणता प्रकार आहे हे घरी असतानाच माहीत करून घ्यावे.

किलोवॅटच्या आकड्यामागे मात्र फार धावू नये. मारुती जिप्सीच्या 1298 सीसी पेट्रोल इंजिनाला साधारण एक किलोवॅटचा स्टार्टर पुरतो, आणि 2010 मध्ये आलेल्या पहिल्या थारसारख्या अडीच लिटरच्या डिझेल गाडीला दोन किलोवॅटच्या आसपासचा लागतो, कारण डिझेलमध्ये हवा कितीतरी जास्त दाबावी लागते. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या वर गेल्याने विशेष काही मिळत नाही; उलट पिनियनच्या दातांची संख्या, तिची पुढे येण्याची लांबी, फिरण्याची दिशा आणि बोल्टची छिद्रे यांपैकी एकही गोष्ट चुकली तर रिंग गिअरचे दात झिजतात. रिंग गिअर बदलण्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून दुकानात गाडीच्या मॉडेलचे नाव सांगून न थांबता जुन्या स्टार्टरवरचा पार्ट नंबर दाखवावा आणि दोन्ही पिनियन शेजारी ठेवून दात मोजावेत.

जुना फील्ड कॉइलचा स्टार्टर हाती असेल तर तो स्वस्त नकली मालाने बदलण्याऐवजी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नवे बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या धातूच्या छोट्या नळ्या), ब्रश आणि बेंडिक्स घालून तयार करून घ्यावा, असे मी सुचवेन. असा स्टार्टर तालुक्याच्या ठिकाणीही उघडून दुरुस्त होतो, आणि दूरच्या प्रवासात हा गुण मोठा ठरतो. नवा घेतलाच तर जोडावर रबरी रिंग आहे का, सोलेनॉइडच्या टोपणाखाली गॅस्केट आहे का आणि पाणी बाहेर जाण्याची वाट खालच्या बाजूला येते का, हे पाहावे. ही वाट कोणत्याही परिस्थितीत सिलिकॉनने बुजवू नये; आत शिरलेले पाणी बाहेर पडले नाही तर सील केल्याचा फायदा उरत नाही.

वायर आणि अर्थिंग

स्टार्टर खराब झाला म्हणून बदलायला आणलेल्या गाड्यांमध्ये दोष अनेकदा वायरचा निघतो. हिशेब सोपा आहे: 300 अँपिअरच्या प्रवाहात एखाद्या जोडावर एक ओहमचा हजारावा भाग एवढाच अडथळा असला तरी 0.3 व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि असे चार जोड सैल असले तर बॅटरीचे 1.2 व्होल्ट मोटरपर्यंत पोहोचतच नाहीत. मल्टिमीटरने हे पाच मिनिटांत तपासता येते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली जाऊ नये. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे स्टार्टरच्या अंगावर ठेवून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. आकडा 0.2 ते 0.3 च्या वर गेला तर अर्थिंग, म्हणजे प्रवाहाची बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याची वाट, खराब आहे, आणि धन बाजूला हीच चाचणी केल्यावर तो अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याचे अर्थिंग एका वेणीसारख्या पट्टीवर अवलंबून असते आणि खडकाळ वाटेवर हेलकावे खाऊन तीच आधी तुटते. मी माझ्या गाडीत बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट स्टार्टरच्या बोल्टपर्यंत एक जादा जाड वायर टाकली आहे, आणि या लेखातला एकच सल्ला पाळायचा असेल तर तो हाच पाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. स्टार्टरकडे जाणाऱ्या धन वायरला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो, त्यामुळे ती चॅसीच्या कडेला घासणार नाही अशी बांधावी आणि कोणत्याही कामाआधी बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी.

पाण्यात उतरण्यापूर्वी आणि नंतर

कंपन्या गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते याचा आकडा देतात. 2020 च्या थारसाठी तो 650 मिलिमीटर आहे. त्या आकड्याचा भर इंजिनाच्या श्वासात पाणी जाऊ नये यावर असतो, आणि त्या खोलीला स्टार्टर बहुधा बुडालेलाच असतो. आता घाट चढून आलेल्या गाडीचा स्टार्टर चटका बसण्याइतका गरम असतो आणि त्याच्या आतली हवा प्रसरण पावलेली असते. तो एकदम थंड पाण्यात बुडाला की ती हवा आक्रसते, आत पोकळी तयार होते आणि बुशच्या फटीतून गढूळ पाणी खेचले जाते. माझ्या पहिल्या गाडीचा स्टार्टर असाच गेला: ओढा सुखरूप पार झाला, गाडी घरी आली, चार दिवस अंगणात उभी राहिली आणि पाचव्या दिवशी सेल्फ मारल्यावर ‘टक्’ एवढाच आवाज आला. उघडल्यावर आर्मेचरवर लाल गाळाचा थर होता आणि ब्रश त्यांच्या खोबणीत घट्ट बसले होते.

त्यानंतर मी काठावर गाडी उभी करतो, टर्बो असेल तर मिनिटभर इंजिन मंद चालू देतो, मग ते बंद करून बॉनेट उघडे ठेवतो आणि दहा-पंधरा मिनिटे थांबतो. हा वेळ वाया जात नाही, कारण तेवढ्यात काठीने खोली आणि तळ तपासता येतो. ज्या गाडीत थांबताच इंजिन आपोआप बंद करणारी ऑटो स्टार्ट-स्टॉपची सोय आहे तिची ती सोय पाण्यात उतरण्याआधी बंद करावी. पाण्यात इंजिन चालूच ठेवावे, आणि ते बंद पडलेच तर लगेच सेल्फ मारू नये: सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी गाडी ओढून बाहेर काढावी, एअर फिल्टर ओला आहे का ते पाहावे, आणि ओला असल्यास डिझेल गाडीचे ग्लो प्लग किंवा पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढूनच इंजिन फिरवावे. पहिल्या गिअरमध्ये सेल्फच्या जोरावर गाडी बाहेर काढण्याचा प्रकार मी टाळतो, कारण त्यात मोटर जळण्याची शक्यता मोठी असते.

बाहेर आल्यावर लगेच घरी लावून न ठेवता वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेने ओल सुकते, आणि पुढचे आठवडाभर रोज एकदा तरी इंजिन सुरू करावे. समुद्राच्या वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी, मात्र प्रेशर पंपाची धार थेट स्टार्टरच्या जोडावर धरू नये.

वार्षिक तपासणी

मे महिन्यात स्टार्टर एकदा उतरवून उघडावा. कार्बन ब्रश मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असतील तर बदलावेत. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, बारीक काचकागदाने पुसावा. एमरी कागद वापरू नये, कारण त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये रुततात. नवे गनमेटल बुश बसवण्याआधी एक रात्र इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवावेत. बेंडिक्स मात्र पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून धुऊ नये, कारण त्याच्या एकेरी क्लचमधले ग्रीस निघून जाते आणि तो घसरू लागतो. कोरड्या फडक्याने पुसून दांड्याच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. जाड थर दिला तर त्यावर क्लचची धूळ चिकटून पिनियन अडखळते.

मधल्या काळात आवाजावरून बरेच कळते. भराभर टकटक झाली तर आधी बॅटरी आणि टर्मिनल पाहावेत. एकच ठोस ‘टक्’ आला आणि हेडलाइट मंद झाले नाहीत तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा ब्रश गेलेले असतात, पण हेडलाइट विझत आले तर मोटर आतून जाम आहे किंवा बॅटरी संपली आहे. मोटर फिरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरतो आहे. कर्कश खरखर आली तर सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नये, कारण प्रत्येक वेळी रिंग गिअरचे दात जात असतात. एरवीही दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ धरू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे.

लांबच्या प्रवासाला मी ब्रशचा एक संच, सोलेनॉइडच्या नटाला बसणारा पाना, दोन हात जाड वायर आणि मल्टिमीटर बरोबर घेतो, आणि जुना स्टार्टर दुरुस्त करून घेतलेला असेल तर तोही गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवतो.