तीन-साडेतीन वर्षांच्या पोरांचं रोजचं खाणं कसं जमवायचं

सगळ्यात आधी मुलांसाठी वेगळा स्वयंपाक बंद करा. घरात जे होतंय तेच द्यायचं, फक्त आमटीला उकळी आली की त्यांची वाटी बाजूला काढायची आणि मग आपलं लाल तिखट, मसाला घालायचा.

सकाळच्या घाईत मुगाची धिरडी बेस्ट. रात्री अर्धी वाटी मूग भिजत घालायचे, सकाळी आल्याच्या तुकड्याबरोबर मिक्सरला फिरवायचे, त्यात गाजर नाहीतर दुधी किसून, चमचाभर तांदळाचं पीठ, जिरं, मीठ. तव्यावर अगदी पुरीएवढी छोटी घालायची, कारण मोठं धिरडं दिलं की माझी लेक बघूनच तोंड फिरवते आणि तेच चार छोटी दिली की मोजत मोजत संपवते, का ते तिलाच ठाऊक. डब्यात गार झाल्यावरच भरा, नाहीतर वाफेने लगदा होतो.

जेवणाआधी तासभर दूध-बिस्कीट नाही. दिवसाला दोन कप दूध पुरे, त्यानेच पोट भरलं तर वरणभात कोण खाणार (हे आजीला पटवणं वेगळंच काम आहे!). शेंगदाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात, कूट घाला. द्राक्षं उभी चिरून.

नाही खाल्लं तर गुपचूप ताट उचलायचं. मोबाईल लावून भरवलं की दोन घास जास्त जातात खरे, पण मग दुसऱ्या दिवशी मोबाईलशिवाय तोंडच उघडत नाही, स्वानुभव. पाचच्या सुमारास भूक लागतेच, तेव्हा तूप-गूळ-पोळीचा रोल हातात, पण एका जागी बसवून.