रोटर डायनॅमिक्समध्ये येताय? आधी ते ९० अंश तपासा

हेलिकॉप्टर डिझाइनकडे वळणाऱ्या पोरांना ध्रुव या देशी हेलिकॉप्टरचा इतिहास तोंडपाठ असतो. १९८४ पासून एमबीबी या जर्मन कंपनीची मदत, २० ऑगस्ट १९९२ ला बंगळुरूत पहिलं उड्डाण वगैरे. मुलाखतीत खोदून विचारतात ते रोटरबद्दल, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांबद्दल, आणि तिथे बोबडी वळते. माझीही वळली होती.

प्रश्न साधा. फिरत्या पात्यांची चकती पुढे झुकवायची तर पात्याचा कोन कुठे वाढवायचा? क्लासवाले सांगतात, पातं जिथे सर्वांत वर हवं त्याच्या ९० अंश आधी, कारण जायरोस्कोप, म्हणजे वेगाने फिरणारं चाक. मार्क मिळतात, विषय संपतो. पण पातं म्हणजे घन चाक नव्हे, ते वरखाली हलतं. पातं जिथे जोडलंय ती बिजागरी अगदी मध्यावर असेल, तर ही हालचाल आपसूक दर फेरीला एकदा होते. म्हणजे आपण त्याला त्याच्याच लयीत ढकलतो. लयीत ढकललेल्या झोपाळ्याचा झोका जसा धक्क्याच्या पाव आवर्तन मागे असतो, तसंच पातं पाव फेरी मागे राहतं. हेच ते ९० अंश.

ध्रुवला ती बिजागरीच नाही! बिजागरीचं काम लवचीक भागांकडे आहे. या ताठपणामुळे लय फेरीला एकाहून थोडी जास्त होते आणि अंतर ९० च्या खाली येतं. तरीही ९० च धरलेत, तर पुढे झुकवताना यंत्र बाजूलाही कलेल. स्वतः समीकरण मांडल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही, व्हिडिओ कितीही बघा.

घाबरू नका, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचंच गणित आहे.

पाती जोडणारा मधला भाग, म्हणजे हब, ताठ असल्यामुळे यंत्र चटकन वळतं, ध्रुव उडवणाऱ्या हवाई दलाच्या सारंग पथकाच्या कसरतींत ते दिसतं. पण कंपनंही थेट अंगावर येतात, म्हणून ध्रुवमध्ये ती अडवणारी खास यंत्रणा बसवली आहे. रुद्र तर ध्रुवचाच सशस्त्र अवतार, आणि प्रचंड या लढाऊ हेलिकॉप्टरलाही बिजागरीविनाच रोटर आणि ध्रुवसारखीच 'शक्ती' नावाची इंजिनं. एकदा नीट शिकलात की तिन्ही कळतात.

गुरू शोधताय? लगेच उत्तर देणारा नको. 'काढून दाखव' म्हणणारा खडूस माणूस धरा. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघे गेले, सगळा ताफा जमिनीवर बसला आणि बोट स्वॅशप्लेटकडे गेलं. पात्यांचा कोन बदलतो तो याच भागातून. तो कागदावर काढता येत नसेल, तर अर्ज सहा महिने पुढे ढकला.