शॉर्ट स्केल बेस गिटारसाठी तारा कशा निवडाव्यात

तारांच्या पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ असे छापलेले आहे, एवढ्यावर त्या तारा आपल्या वाद्यावर बसतीलच असे धरून चालता येत नाही. आणि बसल्या तरी बोटांना व कानांना त्या पटतीलच, याची खात्री त्या पाकिटावरून मुळीच मिळत नाही. स्केल म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाकडची खाचांची पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतची (अंगाकडे तार जिथे टेकते तो आधार), अर्थात तारेच्या प्रत्यक्ष कंप पावणाऱ्या भागाची लांबी. सर्वाधिक प्रचलित असलेल्या लाँग स्केल बेसमध्ये ती ३४ इंच, मीडियम स्केलमध्ये ३२ इंच आणि शॉर्ट स्केलमध्ये साधारण ३० इंच असते. फेंडरचा मस्टँग, गिब्सनचा ईबी-० आणि हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा ५००/१ हे तिन्ही बेस शॉर्ट स्केलच म्हणवतात, पण सॅडलच्या मागे तार कुठे अडकवायची याची व्यवस्था तिघांची वेगवेगळी आहे. म्हणून तारा निवडण्याचे काम मापपट्टीपासून सुरू करावे. धातू, जाडी आणि आवाजाचा पोत यांचा विचार त्यानंतर.

माप घ्यायचे ते स्केलचे नव्हे. तारेच्या एका टोकाला जो लहानसा पितळी गोळा असतो, तो वाद्यात जिथे टेकतो तिथपासून नटपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यानंतर नटपासून ई तारेच्या, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या, खुंटीपर्यंतचे अंतर वेगळे मोजावे. बेसची तार म्हणजे पोलादी गाभ्याभोवती घट्ट गुंडाळलेली दुसरी तार. ही गुंडाळी पूर्ण जाडीने ठरावीक लांबीपर्यंत येते, मग तार निमुळती होते आणि बऱ्याच उत्पादनांत त्या निमुळत्या भागावर रंगीत रेशमी धागा असतो. पूर्ण जाडीची गुंडाळी नट ओलांडून पुढे गेली पाहिजे, परंतु खुंटीपर्यंत पोहोचता कामा नये. समजा, गोळ्यापासून नटपर्यंत साडेएकतीस इंच भरले आणि तिथून ई तारेची खुंटी आणखी दोन इंचांवर आहे. तर गुंडाळी साडेएकतीस आणि साडेतेहतीस इंचांच्या दरम्यान कुठेतरी संपणारी तार आपल्याला हवी. बत्तीस इंच गुंडाळीची तार इथे चालेल, चौतीस इंचांची चालणार नाही. ही लांबी बहुतेक उत्पादक आपल्या माहितीपत्रकात देतात आणि पाकिटावरच्या ‘शॉर्ट’ किंवा ‘मीडियम’ या शब्दापेक्षा त्या आकड्यावर विसंबणे केव्हाही श्रेयस्कर.

ज्या बेसमध्ये गोळा ब्रिजच्या पत्र्यातच अडकतो, तिथे शॉर्ट स्केलचा संच सहसा अडचण न येता बसतो. मस्टँगच्या मूळ रचनेप्रमाणे तार लाकडी अंगाच्या मागून आरपार ओवायची असेल, तर लाकडाच्या जाडीइतकी लांबी वाढते आणि शॉर्ट स्केल तारेचा रेशमी भाग नटच्या अलीकडेच येण्याची शक्यता असते. असे झाले, तर नटवर निमुळता, मऊ भाग टेकतो, मोकळी तार दबक्या आवाजात वाजते आणि सूर स्थिर राहत नाही. अशा वाद्यांना पुष्कळदा मीडियम स्केलचा संच लागतो. हॉफनरच्या धर्तीच्या बेसमध्ये गोळा ब्रिजपासून बऱ्याच मागे, टेलपीस या वेगळ्या धातूच्या भागात अडकतो. तिथेही नेहमीचा शॉर्ट स्केल संच अपुरा पडू शकतो. त्यामुळे अशा वाद्यासाठी खास बनवलेला संच घ्यावा किंवा मोजून खात्री केलेला मीडियम संच घ्यावा.

लाँग स्केलच्या तारा आणून त्या कापून बसवता येतील, असा सल्ला नेहमी मिळतो. जी आणि डी या बारीक तारांपुरता तो एक वेळ मानता येईल. ई तारेची पूर्ण जाडीची गुंडाळी मात्र खुंटीच्या खाचेत धड शिरत नाही, आणि जबरदस्तीने वळवली तर वळणाच्या जागी बाहेरची गुंडाळी उकलते किंवा तार तिथेच तुटते. चपट्या गुंडाळीच्या, म्हणजे बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, तारांना असे तीव्र वळण तर अजिबात मानवत नाही. शिवाय काही तारांचा गाभा षट्कोनी नसून गोल असतो. त्यांच्यात गुंडाळीला गाभ्याच्या कडांची पकड नसल्याने, आधी काटकोनात न वळवता तार कापली, तर गुंडाळी सैल पडून ती तार कायमची निकामी होऊ शकते. योग्य लांबीच्या तारा सहज मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, हे मला अजून उमगलेले नाही.

लांबीचा प्रश्न सुटला की ताणाचा विचार येतो, आणि शॉर्ट स्केल बेसच्या बाबतीत निवडीची खरी कसोटी इथेच आहे. तारेवरचा ताण तिच्या दर इंचाच्या वजनावर, तिच्या लांबीच्या वर्गावर आणि सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गावर अवलंबून असतो. तीच तार ३४ ऐवजी ३० इंचांच्या वाद्यावर त्याच सुरात लावली, तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. लाँग स्केलवर १८ किलोचा ताण देणारी तार इथे १४ किलोच देते. हा फरक काहीही विकत न घेता अनुभवता येतो. लाँग स्केल बेस हाताशी असेल, तर त्याच्या चारही तारा एकेका पूर्ण स्वराने, म्हणजे दोन सेमीटोनांनी खाली उतरवाव्यात आणि वाजवून पाहावे. बोटांखाली जो सैलपणा जाणवेल, साधारण तेवढाच त्या तारा शॉर्ट स्केल बेसवर मूळ सुरात लावल्यावर जाणवेल. ज्यांना तो सुखावह वाटेल त्यांनी नेहमीच्याच जाडीच्या तारा निःशंकपणे घ्याव्यात. कमी ताणामुळे तार खेचून मींड घेणे सोपे जाते आणि डाव्या हाताला श्रम कमी पडतात. शॉर्ट स्केल वाद्य निवडण्यामागे अनेकांचा हेतूही तोच असतो.

ज्यांना लाँग स्केलसारखाच ताठपणा हवा आहे, त्यांच्यासाठी हिशेब सरळ दिसतो: तारेचे वजन व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून जाडी ३४ भागिले ३० या प्रमाणात, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी वाढवली की ताण पूर्ववत होतो. ०.०४५ इंचाच्या जी तारेच्या जागी ०.०५१ इंचाची आणि ०.१०५ इंचाच्या ई तारेच्या जागी ०.११९ इंचाची तार घ्यावी लागेल. जी तारेच्या बाबतीत हा उपाय उत्तम लागू पडतो. ई तारेच्या बाबतीत तोच अंगाशी येतो. तार जितकी जाड आणि आखूड, तितकी ती दोरीपेक्षा कांबीसारखी वागू लागते. तिचे वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) नेमक्या पटीत न राहता थोडे चढे होतात, सूर गढूळ लागतो आणि खर्जात एका स्वरापासून दुसरा स्वर वेगळा ऐकू येईनासा होतो. मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला जेमतेम ४१ असते, तेव्हा तिथे कानाला स्वर ओळखण्यासाठी या वरच्या स्वरांशांचाच आधार असतो. माझ्या मते, ताठपणा वाढवायचा असेल तर तो बारीक तारांकडून वाढवत न्यावा आणि ई तार ०.१०० ते ०.१०५ इंचांवर थांबवावी. ०.०५०, ०.०७०, ०.०८५ आणि ०.१०५ इंच अशी जाडी असलेला संच या दृष्टीने चांगला मध्यममार्ग आहे. ई तार तरीही बोथट वाटली, तर आणखी जाड तार घेण्याऐवजी ब्रिजकडच्या टोकाला निमुळती होणारी तार शोधावी; सॅडलवर तिचा बारीक भाग टेकत असल्याने ती तिथे सहज वाकते आणि आवाज पुष्कळ मोकळा होतो.

गुंडाळीचा प्रकार हा बराचसा आवडीचा भाग आहे. गोल गुंडाळीच्या, म्हणजे बाहेरून गोल तार गुंडाळलेल्या, तारांचा आवाज उजळ असतो; त्यातही स्टेनलेस स्टीलचा सर्वांत धारदार, निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा त्याहून सौम्य आणि शुद्ध निकेलच्या गुंडाळीचा आणखी मवाळ. शॉर्ट स्केलचा स्वभाव मुळातच गोलसर, वरच्या स्वरांशांत कमी पडणारा असल्याने गोल गुंडाळीच्या तारा त्याची उणीव भरून काढतात, आणि बँडमध्ये इतर वाद्यांच्या गर्दीतून बेस स्पष्ट ऐकू यायला हवा असेल, तर माझा कौल त्यांनाच राहील. चपट्या गुंडाळीच्या तारा बोटांना गुळगुळीत लागतात, त्यांच्यावर बोट सरकल्याचा आवाज येत नाही आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात. १९६० च्या दशकातल्या शॉर्ट स्केल बेसचा जो ठसठशीत, लवकर विरणारा आवाज आपल्या ओळखीचा आहे, तो प्रामुख्याने अशाच तारांचा आहे. त्यांच्यात मात्र ताणाचा फरक एका उत्पादनापासून दुसऱ्यात फार असतो. थोमास्टिक-इनफेल्डच्या जॅझ फ्लॅट तारा कमी ताणासाठी ओळखल्या जातात. ३० इंचांच्या बेसवर त्या घेण्यापूर्वी हाताला किती ढिलेपणा सोसवेल, याचा विचार करावा. उलट ला बेलाच्या ०.०५२ ते ०.११० इंचांच्या जाडजूड संचासारख्या तारा, ज्या मोटाऊनचे बेसवादक जेम्स जेमरसन आपल्या लाँग स्केल फेंडर प्रिसिजन बेसवर वापरत, शॉर्ट स्केलच्या मापात मिळाल्या तर तितक्या कठीण लागत नाहीत.

काळ्या नायलॉनच्या पट्टीने मढवलेल्या तारांचा आवाज उभ्या बेसकडे झुकणारा असतो. आतला गाभा पोलादाचा असल्यामुळे चुंबकी पिकअपवर (तारेची कंपने टिपणाऱ्या भागावर) त्या व्यवस्थित वाजतात. परंतु नायलॉन हलके असल्याने त्या दिसायला जाड आणि ताणाला मात्र मध्यम असतात, त्यामुळे नटच्या खाचा रुंद करून घ्याव्या लागू शकतात. ध्वनिक बेससाठी मिळणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या तारा चुंबकी पिकअपवर क्षीण वाजतात, म्हणून इलेक्ट्रिक बेससाठी त्या टाळाव्यात.

नटच्या खाचांचा मुद्दा कोणत्याही जाड तारेला लागू होतो. तार खाचेत पूर्ण न बसता वर तरंगत असेल, तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरचे) स्वर चढे लागतात. खाचेत अडकत असेल, तर खुंटी पिळताना टक् असा आवाज येऊन सूर झटक्याने पुढे सरकतो. अशा वेळी खाच कानशीने वाढवावी लागते, आणि एकदा काढलेला भाग परत येत नसल्यामुळे हे काम जाणकाराकडून करून घेणेच बरे. त्या जाडीच्या तारा आपण कायम ठेवणार आहोत, हे ठरल्याशिवाय नटला हात लावू नये.

तारा बदलताना, ज्या बेसचा ब्रिज स्क्रूने बसवलेला नसून केवळ तारांच्या दाबाने उभा असतो, त्यावर एका वेळी एकच तार काढावी. सगळ्या एकदम काढल्या, तर ब्रिज जागचा हलतो आणि तो पुन्हा नेमक्या जागी आणण्यात निष्कारण वेळ जातो. खुंटीच्या पुढे चार-पाच इंच तार ठेवून, आधी काटकोनात वळवून मगच कापावी आणि वेढे वरून खाली उतरत जातील असे घ्यावेत. नव्या संचाचा ताण आधीपेक्षा वेगळा असेल, तर मानेचा बाक बदलतो. एक-दोन दिवसांनी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबून धरावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट राहिली, तर ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक जुळवणारी आतली सळई, फिरवण्याची गरज नाही.

शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलक्या स्पर्शाने वाजवलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्यावे, उतरा असेल तर पुढे आणावे. ई तारेचे सॅडल अगदी शेवटपर्यंत मागे नेऊनही दाबलेला स्वर चढाच राहत असेल, तर ती तार त्या वाद्यासाठी फार जाड किंवा फार ताठ आहे असे समजावे आणि बाकीच्या तीन तारा तशाच ठेवून फक्त ई तार एक पायरी बारीक, सुटी विकत घ्यावी.