घशाच्या दुर्मीळ कर्करोगाचे निदान झाल्यावर उपचारांची तयारी

घशाचा कर्करोग म्हटला की बहुतेक वेळा तो ‘स्क्वॅमस सेल’, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींच्या प्रकारचा निघतो आणि उपचारांची रूढ पद्धत त्यालाच धरून बसलेली आहे. बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या अहवालात ‘ॲडेनॉइड सिस्टिक’ (लाळेसारख्या ग्रंथींचा कर्करोग) किंवा ‘काँड्रोसार्कोमा’ (कूर्चेचा कर्करोग) असे अनोळखी नाव आले, तर सारा क्रमच बदलू शकतो. अशा गाठींमध्ये शक्य असेल तेथे आधी शस्त्रक्रिया होते आणि रेडिएशनचा विचार गरजेप्रमाणे नंतर केला जातो. म्हणून घाबरून उपचार सुरू करण्याआधी, पण वेळही न दवडता, आजाराचे नाव पक्के करून घ्यावे.

त्यासाठी नुसता अहवाल पुरत नाही. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. हा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड, दोन्ही प्रयोगशाळेकडे अर्ज करून ताब्यात घ्याव्यात आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात पुन्हा तपासून घ्याव्यात. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आम्ही केवळ फाईल घेऊन भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, ब्लॉकसाठी परत जळगावला यावे लागले आणि आठवडा हातचा गेला. मे महिन्यात जळगावच्या उन्हात हा ठोकळा बंद मोटारीत ठेवू नये, मेण मऊ पडते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे करावी. शिधापत्रिका व आधार जवळ असू द्यावे. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत मिळते, तिचा अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा.

रेडिएशन ठरले असेल तर दात आधी दाखवावेत. काढायचे दात दोन-तीन आठवडे आधी निघाले तर जखम भरते. नंतर काढल्यास जबड्याचे हाड भरून येणे अवघड होते.

मग रेडिएशनच्या वेळी डोके व मान हलू नये म्हणून साचा घेतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची पट्टी चेहऱ्यावर व मानेवर ताणून बसवतात आणि ती काही मिनिटांत कडक होते. भावाला पहिल्या दिवशी जीव गुदमरल्यासारखे झाले. जाळीतून श्वास नीट घेता येतो, तंत्रज्ञ कॅमेऱ्यातून पाहत असतो आणि हात वर केला की यंत्र थांबते, हे त्याला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा ते सात आठवडे रेडिएशन चालते. लग्न असो वा पेरणी, मध्ये खाडा करू नये, कारण सुटलेल्या दिवसांत गाठीच्या पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, तेव्हा शेवभाजी आणि ठेचा बंद करून ज्वारीची पेज, मुगाचे कढण, पातळ तुपाची खिचडी, दुधात कुस्करलेले केळे द्यावे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ व चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे. ते उतरू लागले आणि डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली, तर घरचे लोक शेवट जवळ आला असे समजून रडू लागतात. ती नळी केवळ पोषणासाठी असते, गिळणे सुधारले की बहुतेकांची निघते. नळी असतानाही गिळण्याचे व्यायाम सोडू नयेत.

ॲडेनॉइड सिस्टिक गाठ सावकाश वाढते आणि कित्येक वर्षांनी फुप्फुसातही दिसू शकते, त्यामुळे पाच वर्षे उलटली तरी तपासणीच्या तारखा पाळाव्यात. मानेला रेडिएशन दिलेले असेल, तर थायरॉईडची रक्ततपासणीही त्याच फेरीत करून घ्यावी.