जुन्या गाडीला नवीन पार्ट? डबा उघडला की आधी मोजा, मग बसवा

माझ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन मी एका वर्षात दोनदा उघडलंय. पहिल्यांदा ऑइल खात होती म्हणून, आणि दुसऱ्यांदा पहिल्यांदा जे केलं ते निस्तरायला. पिस्टन नवीन, रिंगा नवीन, व्हॉल्व नवीन, सगळा माल डब्यातून काढलेला कोरा करकरीत, आणि सकाळी गाडी चालू केली की आतून खट खट खट, जसं कोणी बसून शेंगा फोडतंय. तेव्हा जे शिकलो ते इथं लिहितोय, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील.

आधी हे समजून घ्या की असं का होतं. पद्मिनी 2001 च्या सुमारास बंद झाली, अँबेसिडर 2014 ला बंद झाली. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर पार्ट खपत होते, त्या पण ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेल्या. आता गिऱ्हाईक कोण, तर माझ्यासारखे चार हौशी. एवढ्याशा खपासाठी कोण डाय आणि पॅटर्न (साचे) नीट ठेवणार? मग जुन्या झिजलेल्या पॅटर्नवरच माल निघतो, मटेरियल हलकं, मशीनिंग अंदाजपंचे, आणि डबा मात्र छान छापलेला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणा नाहीतर दिल्लीच्या कश्मीरी गेटवरून, माल चांगला पण मिळतो आणि बाद पण, डब्यावरून कळत नाही. पार्ट हातात घेऊन मोजल्यावरच कळतं.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी केली. मी आधी आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लॉक दिला, पुढच्या ओव्हरसाइजला (मोठ्या मापाला) बोरिंग करून, म्हणजे सिलेंडर कातून घेतलं, आणि पिस्टन नंतर मागवले. पिस्टन आले, डब्यावर साइज बरोबर, मी बसवले. दुसऱ्यांदा उघडल्यावर मिस्त्रीनं मायक्रोमीटर लावला तर चारातले दोन पिस्टन बाकीच्या दोघांपेक्षा दीड-दोन थाऊनं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बारीक. म्हणून तो आवाज, थंड असताना पिस्टन सिलेंडरच्या भिंतीवर आपटत होता आणि गरम झाला की फुगून गप्प. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे बसवलेला माल परत घेत नाही. त्याचं पण बरोबरच म्हणा, मी मोजलं कुठं होतं.

तर भावांनो, आधी पिस्टन हातात, मग बोरिंग. चारी पिस्टन नंबर टाकून मिस्त्रीकडे द्या आणि त्याला सांगा की प्रत्येक बोअर (सिलेंडरचं भोक) त्या त्या पिस्टनच्या मापानं कर, डब्यावरचा आकडा बघू नको. पिस्टन मोजायचा तो खाली स्कर्टला (खालच्या भागाला), गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतो आणि वर निमुळता असतो, चुकीच्या जागी मोजलात तर चांगला पिस्टन पण बाद दिसेल. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंतीतली फट, किती ठेवायचा ते मॅन्युअलमधून घ्या, मिस्त्रीच्या आठवणीतून नको. मिस्त्री मंडळींचा हात शेतातल्या ऑइल इंजिनवर बसलेला असतो, त्यांना जरा ढिलं ठेवायची सवय असते, त्यात त्यांची चूक नाही, ते इंजिनच वेगळं.

पिस्टनचं वजन पण करा. सोनाराचा काटा लागत नाही, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा डिजिटल काटा चालतो. माझ्या सेटमध्ये सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यात 9 ग्रॅमचा फरक होता, एक-दोन ग्रॅमच्या वर असेल तर जड पिस्टनच्या आतून, पिनच्या बॉसखालचं (पिन बसते त्या जाड भागाखालचं) जादा मटेरियल घासून बरोबर करता येतं, पण ते काम मशीनवाल्याकडून, घरी कानस घेऊन बसू नका.

रिंगा तर कधीच सरळ पिस्टनवर चढवू नका. रिंग नुसती बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टननं ढकलून सरळ बसवा आणि तोंडाच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ढोबळ हिशोब असा की बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ गॅप. पद्मिनीचा स्टँडर्ड बोअर 68 मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंचाला जरा कमी, तर गॅप साधारण 8 ते 11 थाऊ. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर टोकाला टोक भिडून रिंग अडकते, बोअरला चरे पडतात, ती कानशीनं थोडी थोडी घासून वाढवता येते. पण 25-30 थाऊ निघाली तर काही इलाज नाही, परत करा. परत करायची असेल तर पॅकिंग फाडू नका, ब्लेडनं नीट कापा.

व्हॉल्वचं एक सोपं आहे, खिशात लोहचुंबक ठेवा. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्वचं डोकं बहुतेक वेळा उष्णता सोसणाऱ्या ऑस्टेनिटिक स्टीलचं असतं, त्याला चुंबक चिकटत नाही, दांडा मात्र वेगळ्या स्टीलचा जोडलेला असला तर चिकटेल. गाडीतून निघालेल्या ओरिजिनल व्हॉल्वला आधी लावून बघा आणि मग नव्याला, जुन्याला चिकटत नाही आणि नव्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चिकटतोय तर समजा मटेरियल बदललंय आणि हा व्हॉल्व जळणार. दांड्याची जाडी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजा. गाइड, म्हणजे व्हॉल्वचा दांडा ज्यात सरकतो ती नळी, डब्यातले कधी कधी इतके ढिले असतात की व्हॉल्व आत डुगडुगतो, मग ऑइल खाली उतरतं आणि आपण रिंगांना शिव्या घालतो. गाइड मी आता विकतच घेत नाही, उद्यमनगरात लेथवाल्याकडून चांगल्या कास्ट आयर्नमधून माझ्या व्हॉल्वच्या मापानं वळवून घेतो.

आणि हे आपल्या गावाचं नशीब आहे हो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून देशभरातल्या गाड्यांचं, ट्रॅक्टरचं कास्टिंग जातं, क्रँक ग्राइंडिंगपासून हार्डनेस टेस्टिंगपर्यंत सगळं अर्ध्या तासाच्या अंतरावर. दुसऱ्या गावातला माणूस नवीन पार्ट घेण्याशिवाय काय करणार, आपण जुना ओरिजिनल पार्ट दुरुस्त करून घेऊ शकतो. ओरिजिनल क्रँक, ओरिजिनल कनेक्टिंग रॉड, रॉकर शाफ्ट, वॉटर पंपची बॉडी, यातलं काही म्हणजे काही भंगारात टाकू नका. मी पहिल्या वेळी जुने टॅपेट (कॅमशाफ्टवर घासत व्हॉल्व उघडणारे पार्ट) भंगारवाल्याला दिले आणि आजपर्यंत हळहळतोय.

टॅपेटचं सांगायचं राहिलं. नव्या टॅपेटचं तोंड मऊ असेल तर काही शे किलोमीटरमध्ये टॅपेट खलास, आणि एकटा जात नाही, कॅमशाफ्टचा लोब (फुगीर भाग) घेऊन जातो. बारीक कानस तोंडाच्या कडेला हलकी फिरवा, घसरली तर ठीक, चावली तर टॅपेट मऊ आहे. पक्कं हवं असेल तर हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रॉकवेल टेस्टरवर (कडकपणा मोजायच्या मशीनवर) एक टॅपेट लावून घ्या आणि जुना पण सोबत न्या तुलनेला. जुने टॅपेट परत वापरणार असाल तर ज्या लोबवरून काढला त्याच लोबवर जायला पाहिजे, काढताना नंबर टाका. कॅम नवीन तर टॅपेट पण नवे, तिथं कंजुषी नको.

बेअरिंग शेलला प्लॅस्टिगेज (दाबून फट मोजायचा प्लॅस्टिकचा धागा) लावा, जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) दर इंचाला साधारण एक थाऊ क्लिअरन्स, बाकी मॅन्युअल. हेड गॅसकेट ब्लॉकवर नुसतं ठेवून प्रत्येक भोक जुळतंय का बघा, पाण्याचं एक भोक झाकलेलं गॅसकेट मी स्वतः बघितलंय, आणि गोल कडा बोअरच्या आत डोकावता कामा नये. थर्मोस्टॅट पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसोबत उकळा, छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडला नाही तर जिथून आणला तिथं. (पातेलं घरचं वापरू नका, मी वापरलं आणि चार दिवस ऐकून घेतलं.)

जुन्या स्टॉकचा माल मिळाला तर सोडू नका, पण फक्त धातूचा. रबर नको. तीस वर्षं डब्यात पडलेलं ऑइल सील म्हणजे सुकलेलं खोबरं. फ्युएल पंपचा डायफ्रॅम आणि पेट्रोलचे पाइप तर नवेच घ्या आणि इथेनॉल सोसणारे घ्या, पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर चिरतं आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर ठिबकतं. पाइपवर एसएई जे30 आर9 (पेट्रोल पाइपचा दर्जा) छापलेलं बघा.

आता कंडेन्सर आणि रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे पार्ट. हे इंजिनच्या आतलं नाही पण लोक याच्यामुळं चांगलं इंजिन उघडतात म्हणून सांगतो. गाडी वीस मिनिटं मस्त चालते, मग मिसिंग, मग बंद, आणि थंड झाली की परत चालू, तर आधी कंडेन्सर बदला. हलक्या प्रतीचा नवा कंडेन्सर गरम झाला की दगा देतो, जुना चांगला असेल तर डॅशबोर्डच्या खणात ठेवा. रोटर तपासायचा असेल तर कॅप काढा, रोटर जागेवर ठेवून कॉइलची मधली वायर त्याच्या पितळी पट्टीजवळ धरा, आणि दुसऱ्या कोणाला इग्निशन ऑन करून पॉइंट उघडायला सांगा. ठिणगी पट्टीवर सटासट उडत राहिली तर रोटर आतून शाफ्टला करंट देतोय, फेकून द्या. वायर इन्सुलेटेड पकडीनं धरा, नाहीतर झटका असा बसतो की रंकाळा दिसतो.

इंजिन जोडून बसवलं की ऑइल टाकताना विचार करा. नव्या गाड्यांच्या बऱ्याच ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरस कमी असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला, आणि आपल्या सपाट टॅपेटला तेच लागतं, तर 20 डब्ल्यू 50 सारखं जाड मिनरल ऑइल घ्या आणि झिंक किती आहे ते विचारा. कॅम आणि टॅपेटला असेंब्ली लुब फासलेलं पाहिजे. कॅम नवा असेल तर पहिल्यांदा चालू झाल्यावर आयडलिंगला ठेवू नका, साधारण 2000 आरपीएमला वीसेक मिनिटं, पाणी आणि ऑइल प्रेशरवर नजर ठेवून.

मग दोन-तीनशे किलोमीटर सपाटीला फिरवा, सांगलीला जाऊन या, आणि त्यानंतर पन्हाळा. घाटात तिसऱ्या गिअरला ओढताना टेम्परेचरचा काटा कुठं जातो आणि उतारावर गिअरमध्ये सोडून परत ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागं निळा धूर निघतो का ते आरशात बघा, निघाला तर पहिला संशय व्हॉल्व गाइडवर. 500 किलोमीटरला ऑइल काढा, गरम असतानाच, आणि पांढऱ्या फडक्यातून गाळा. राखाडी बारीक पावडर असेल तर रिंगा बसतायत, ठीक आहे. चकचकीत पापुद्रे किंवा टोचणारे कण दिसले तर चालवू नका, गाडी ढकलत शेडमध्ये घ्या आणि सगळ्यात आधी टॅपेटचं झाकण उघडा.